उंदीर पडले की

आमच्या सातारकडच्या घरात जन्मसाल कुणी इसवीत सांगत नसे. थोरले आजोबा पहिल्या पलेगातले, त्यांची बहीण दुसऱ्या पलेगातली. आजीकडे हे सारं तिच्या सासूकडून आलेलं, आणि तिच्या सांगण्यात माणसांआधी उंदीर मरायचे. आढ्यावरनं झिंगलेला उंदीर खाली पडला की अख्खा गाव दाणागोटा, गुरं, देव्हाऱ्यातले देवसुद्धा घेऊन शिवारात झोपड्या घालायचा. पाव्हण्यांकडं मात्र जायचं नाही, हा दंडक. मागं राहिलेल्याच्या जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची. “मग दिवस मोजायला हाताची बोटं पुरायची,” आजी म्हणे. कारण विचारलं तर मरीआईचा कोप.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्लेग म्हणून ओळखला. त्याचा जंतू हाँगकाँगला दोन वर्षं आधीच सापडला होता. पण तो माणसात शिरतो कसा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. संशय घाणीवर, दमट हवेवर. म्हणून चुना, कार्बोलिक आणि पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्या. तिथला प्लेग अधिकारी रँड आणि त्याला मारणारे चापेकर सगळ्यांना पाठ असतात. 1897 मध्येच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्चला त्याच रोगानं गेल्या, हे शाळेत आम्हाला एका ओळीत उरकलं होतं.

1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी मेलेल्या उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं. उंदीर गार पडला की पिसू दुसऱ्या रक्ताच्या शोधात निघते. तिच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसलेला. प्यालेलं रक्त आत उतरत नाही, म्हणून ती भुकेनं पुन्हा पुन्हा चावते आणि चाव्यात जंतू ओकते. सिमाँचं बरीच वर्षं हसं झालं. 1905 नंतर मुंबईतल्या प्लेग कमिशननं गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा कुठे ते पटलं. म्हणजे गावानं कारण चुकीचं धरलं होतं आणि वाट अचूक. पाव्हण्यांचा दंडकही शहाणाच, कारण वाकळेतून, धान्यातून पिसू परगावी जाते.

हे मी आजीला ऐकवलं. ती म्हणाली, “पिसवा तर रोज चावायच्या. मग रोज कोण मेलं?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर इतकंच, की उंदरावरची पिसू वेगळ्या जातीची. उंदीर जिवंत आहे तोवर ती माणसाच्या वाटेला फारशी जात नाही.