रोबोटला आई असते का?

तळोज्यातून बोलतोय. मागे मेट्रोचा आवाज आला तर सांभाळून घ्या, पेंधर स्टेशन जवळच आहे.

आजचा विषय माझ्या भाच्याने दिलाय. वय वर्षं सात. कार्टून बघता बघता त्याने विचारलं, "मामा, रोबोटला आई असते का?" मी पडलो इंजिनीअर. पटकन म्हणालो, "नाही रे, त्याला फॅक्टरीत बनवतात." तो गप्प झाला. ताईने माझ्याकडे बघितलं आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. भाचा दत्तक आहे, त्याला ते माहीत आहे. म्हणून हा एपिसोड.

आधी १९२० सालात जाऊ. झेक लेखक कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक तेव्हा छापून आलं. 'रोबोट' हा शब्द इथूनच जगभर गेला. तो सुचवला त्यांच्या भावाने, योसेफने. मूळ शब्द 'रोबोता', म्हणजे वेठबिगारी. हे रोबोट लोखंडाचे नाहीत, कारखान्यात घडवलेल्या हाडामांसाचे आहेत. ते बंड करून माणसांना संपवतात, पण त्यांना घडवायची कृती तोवर जळून गेलेली असते. मुलं तर होत नाहीत. म्हणजे वंश बुडणार! उरलेला एकमेव माणूस, आल्क्विस्ट, एका रोबोट मुलीला चिरून बघतो म्हणतो. तिचा सोबती मध्ये पडतो: मला घ्या. बरं, त्याला घेतो म्हटलं तर ती पुढे येते. तिथे म्हाताऱ्याला कळतं, आता कृतीची गरज नाही. तो त्यांना आदम आणि ईव्ह म्हणून निरोप देतो.

पुढे १९४८ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी एका व्याख्यानात हिशोब मांडला. यंत्राला स्वतःसारखं यंत्र बनवायचं तर आत स्वतःचं वर्णन हवं. ते दोनदा वापरायचं: एकदा वाचून नवं यंत्र बांधायचं, मग तेच जसंच्या तसं उतरवून त्या पिल्लाला द्यायचं. डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये, पाच वर्षांनंतर!

आणि आपल्या मराठीत? जयंत नारळीकरांची कादंबरी, 'वामन परत न आला'. परक्या संस्कृतीच्या ज्ञानातून इथे एक रोबोट बनतो, वामन. त्याला स्वतःच्या प्रती हव्या असतात. नाव ऐकूनच ती तीन पावलं आठवतात ना? एकदा जागा दिली की संपलं.

आता हे शेजारी ठेवून बघा. वामनाला प्रती हव्यात, पण प्रती म्हणजे घर नव्हे. चापेकच्या जोडीकडे कृती नाही, वर्णन नाही, तरी पहिलं कुटुंब तेच. का? एकाने दुसऱ्यासाठी 'मला घ्या' म्हटलं म्हणून.

आमच्या लिनक्समध्येही एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. त्यांना पेरेंट आणि चाइल्डच म्हणतात. पेरेंट आधी संपली तर चाइल्ड अनाथ होते. मग सहसा सिस्टिमची सगळ्यात पहिली प्रोसेस तिला आपली म्हणते आणि शेवटपर्यंत तिची जबाबदारी घेते. मी हे रोज वापरतो, आणि त्या दिवशी नेमकं विसरलो.

रविवारी भाच्याला सांगितलं, "असते रे आई. बनवलं कुणी, हा वेगळा प्रश्न. आपलं कोण म्हणतं, ती आई." तो म्हणाला, "मग रोबोटला मामा पण असतो?"

असतो ना. कधीकधी चुकतो बिचारा. भेटू पुढच्या भागात!