धातू सापडतो, जागा हरवते

१/ वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. मात्र १९३९ पर्यंत अशी स्वतंत्र शाखा होती, हेच अभ्यासकांना माहीत नव्हते. ते कळले वाशीममध्ये मिळालेल्या चार ताम्रपत्रांमुळे. जुन्या घरांच्या परसात मेटल डिटेक्टर फिरवून गुप्तधन शोधण्याच्या हौसेचा विचार या ताम्रपटापासूनच सुरू करावा लागतो.

२/ हे दानपत्र दुसऱ्या विंध्यशक्तीचे, त्याच्या ३७व्या राज्यवर्षातले. ते वत्सगुल्माहून दिलेले आहे. नांदीकट, म्हणजे आजचे नांदेड, त्या भागातील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची नोंद त्यात आहे. वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात. राजाचा पिता सर्वसेन, आजोबा पहिला प्रवरसेन.

३/ या वंशावळीचा आधार घेऊन वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील झिजलेल्या लेखाचे जुने वाचन दुरुस्त केले. एका दानपत्राने दूरच्या लेण्याचाही इतिहास उजळला.

४/ ताम्रपटावर अक्षरे असतात, म्हणून तो आपली ओळख स्वतः सांगतो. जमिनीतील बहुतेक धातू मुका असतो. बांगडी, घंटा, तांब्या, झिजलेले नाणे यांचे वय ठरते ते मुख्यतः कोणत्या थरात, कशाशेजारी वस्तू पडली होती यावरून.

५/ थर हरवला की काय होते, हे दायमाबादने दाखवले. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशा चार कांस्यमूर्ती निघाल्या. एकत्रित वजन ६० किलोहून अधिक. अनेक अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या. पण धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून द. प्र. अग्रवाल यांनी शंका घेतली. मूर्ती शास्त्रीय उत्खननात, थरासह मिळाल्या असत्या, तर वादाला एवढी जागा उरली नसती.

६/ गावाच्या परिभाषेत शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, राख, शेण आणि खापरे यांनी पांढरी घडते. जुन्या गावठाणातले परसही पुष्कळदा याच मातीवर असते. म्हणून तिथे हातभर खोल गेलेला खड्डा कित्येक पिढ्यांचे थर एकाच वेळी कापतो.

७/ डिटेक्टरच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतात आणि यंत्र वाजते. खापर, मणी, जळके धान्य यांना ते दाद देत नाही. खोदणारा धातू उचलतो. काळ सांगणारे बाकी सारे कुदळीखाली विस्कटते.

८/ कायदा जुना आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्यात ठेव्याचे स्वरूप व किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख द्यायची असते. ठेवा बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल, तर साधारणतः तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला मिळतो. योग्य मोबदला देऊन शासन तो संपादनही करू शकते. लपवल्यास शोधणारा आपला वाटा गमावतो आणि त्याला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

९/ म्हणून नळाचा चर किंवा घराचा पाया खणताना काही लागले, तर हात थांबवावा. वस्तू न हलवता छायाचित्र घ्यावे, खोली मोजावी आणि तहसील कार्यालयाला कळवावे. वस्तू घासूनपुसून चकाकवू नये. गंजाखाली अक्षरे असू शकतात.

१०/ वत्सगुल्माची शाखा इतिहासात परतली, कारण ती ताम्रपत्रे कुणी मोडीत घातली नाहीत. वाशीमच्या पांढरीत आणखी काय दडले आहे, ते वाचता येईल की नाही, हे पहिल्या कुदळीनंतर हात थांबतो का यावर ठरेल.