मल्टिपल स्क्लेरॉसिस : आहाराची कसोटी कशी घ्यावी?

मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा दीर्घकालीन आजार आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतातंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. दृष्टी अधू होणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे व कमालीचा थकवा ही त्याची काही लक्षणे होत. पथ्याने हा आजार आटोक्यात राहील काय, असा प्रश्न रुग्ण नेहमीच विचारतात. त्याचे खात्रीचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. कारण आहाराची चाचणी औषधाच्या चाचणीहून अवघड असते.

डॉ. रॉय स्वँक यांनी १९४९ पासून कॅनडातील माँट्रियल येथे रुग्णांना संपृक्त मेद अत्यल्प असलेला आहार देण्यास प्रारंभ केला. १४४ रुग्णांच्या ३४ वर्षांच्या नोंदी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. पथ्य काटेकोरपणे पाळणाऱ्यांची प्रकृती इतरांपेक्षा पुष्कळच चांगली राहिल्याचे त्यांत आढळले. मात्र चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनागट तेथे नव्हता. पथ्यामुळे प्रकृती टिकली, की प्रकृती बरी होती म्हणून पथ्य निभावले, हे त्यावरून ठरवता येत नाही. शिवाय हा आजार अनेकांत आपणहूनही काही काळ ओसरतो.

औषधाच्या चाचणीत हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. ताटातील अन्नाचे तसे नाही. बिनतेलाची भाजी जेवणाऱ्यास कळतेच! नॉर्वेतील संशोधकांनी ९२ रुग्णांना माशाचे किंवा मक्याचे तेल कॅप्सूलमधून देऊन ही अडचण टाळली. एमआरआय तपासणीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, असे त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केले. पण कॅप्सूल म्हणजे आहार नव्हे.

अमेरिकेतील ओरेगॉन येथे ६१ रुग्णांवर वर्षभर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्प मेदाचा वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांचा थकवा कमी झाला, एमआरआयमध्ये मात्र फरक पडला नाही. थकवा रुग्णाच्या सांगण्यावरूनच मोजला जातो आणि आपण काय खातो हे रुग्णास ठाऊक असते. त्यातच या गटाचे वजनही घटले होते. तेव्हा श्रेय नेमके कशाला द्यावयाचे?

आयोवा येथील संशोधकांनी यावर वेगळा मार्ग काढला. त्यांनी स्वँक यांच्या आहाराची तुलना धान्ये व कडधान्ये वर्ज्य करणाऱ्या डॉ. टेरी वॉल्स यांच्या आहाराशी केली. डॉ. वॉल्स स्वतः या आजाराच्या रुग्ण आहेत. दोन्ही गटांना पथ्य असल्याने दोघांचीही अपेक्षा सारखीच राहते, हा या रचनेचा लाभ. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थकवा दोन्ही गटांत कमी झाला. परंतु नेहमीचे जेवण घेणारा तिसरा गट नसल्याने त्यात आहाराचा वाटा किती, हे उलगडले नाही.