वतन आणि विसार : नगरच्या मातीत रुजलेला ‘आध्यात्मिक आशीर्वाद’

१/ दीडशे वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ‘वतन’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याला पाटीलकी, कुलकर्णीपण किंवा महारकी आठवे. मराठी बायबलात हाच शब्द ईश्वराच्या सर्वांत मोठ्या देणगीसाठी योजलेला आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, ख्रिस्ती समाजाने ही देणगी कशी समजून घेतली, याविषयीचा हा थ्रेड.

२/ ख्रिस्ती धर्मात ‘आध्यात्मिक आशीर्वाद’ या कल्पनेचा मुख्य आधार म्हणजे पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय. त्यात ईश्वराने केलेली निवड, दत्तकपुत्रत्व, पापांची क्षमा, ईश्वरी संकल्पाचे ज्ञान आणि पवित्र आत्मा यांचा उल्लेख आहे. धनधान्य, संतती, पद यांचा नाही. हे सारे कृपेने मिळते व विश्वासाने स्वीकारले जाते, अशी ही शिकवण आहे.

३/ या अध्यायाच्या मराठी रूपात दोन शब्द विशेष लक्ष वेधतात. वारशासाठी ‘वतन’ आणि पवित्र आत्म्यासाठी ‘विसार’. सौदा ठरल्यावर काही रक्कम आगाऊ दिली, की उरलेल्या व्यवहाराची हमी मिळते. बाजारातील माणसाला हे सांगावे लागत नसे. आज मिळणारा आत्मिक अनुभव हा विसार, संपूर्ण वतन पुढे मिळायचे, असा त्याचा अर्थ.

४/ अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले व १८३१ साली ते अहमदनगरला पोहोचले. १८४२ साली येथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळाही येथलीच. ती पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. धर्मोपदेशाबरोबर शाळा, छापखाना आणि दवाखाना आला, आणि त्यातूनच पुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला.

५/ जिल्ह्यात मिशनकडे आलेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजातील होते. महारांचेही वतन असे. पण त्या तुटपुंज्या जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात निरोप पोहोचवणे, सरकारी माणसाची वेठ करणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या माथी येत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली याविरुद्ध मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ही वतने कायद्याने संपवण्यास १९५८ साल उजाडले.

६/ जन्माने बेड्या घालणाऱ्या वतनापुढे पुत्रत्वाने मिळणारे वतन ठेवले गेले. एकाच्या मागे वेठ होती, दुसरे विनामूल्य होते. या श्रोत्यांसाठी त्या शब्दाला किती धार असेल, याची कल्पना करता येते. अर्थात ख्रिस्ती मंडळ्यांतूनही जातिभेद लगेच नाहीसा झाला नाही. आशीर्वाद ऐकणे आणि तो पंगतीत उतरणे यांत बरेच अंतर राहिले.

७/ त्यातच दुष्काळ आले : १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९००. मिशनने अन्न, काम व अनाथांना आसरा दिला. त्याच काळात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्याही वाढली. ‘पोटासाठी धर्म बदलला’ हा आरोप तेव्हापासूनचा. कोणाच्या मनात काय होते, हे बाहेरून ठरवता येत नाही. पण भाकरी देणारा हात आणि आशीर्वाद देणारा हात एकच दिसू लागला, तर भेद ओळखायचा कसा, हा प्रश्न खराच होता.

८/ एक उत्तर कीर्तनाने दिले. नगरच्या मंडळीतील कृष्णराव सांगळे (१८३४–१९०८) यांनी पदे रचली व ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा घडवली. टाळ-मृदंगाच्या साथीने सांगितलेली क्षमेची कथा ऐकायला शिधापत्रक लागत नसे, अक्षरओळखही लागत नसे. कृपा हा शब्द संतांनी घराघरांत पोहोचवलेलाच होता. तोच येथे नव्या संदर्भात उभा राहिला.

९/ मग आले नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगाव. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना ओढून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला व नगर ही त्यांची कर्मभूमी ठरली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माऊली होऊन येतो. माऊलीकडे मूल मजुरी मागत नाही.

१०/ लक्ष्मीबाईंना मात्र हा आशीर्वाद आधी वियोगाच्या रूपाने भेटला. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या दूर राहिल्या. परतल्यावरही सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हा बदल त्यांनी तत्त्वचर्चेतून नव्हे, घरातल्या प्रसंगांतून सांगितला आहे. ज्यांच्याकडे उच्च जन्माचे वतन होते, त्यांना आधी ते खाली ठेवावे लागले.

११/ १९१७ साली टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दुष्काळाने उभ्या केलेल्या प्रश्नाला हे त्यांचे आचरणातले उत्तर होते : कृपा फुकट मिळाली असेल, तर तिचा निरोपही पगाराविना देता आला पाहिजे.

१२/ त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. उतारवयात लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली आणि शेवट मुलगा देवदत्त यांनी केला. टिळकांची पदे मराठी उपासनेत आजही गायिली जातात. महारकीचे वतन इतिहासजमा झाले, दुष्काळाची कामे संपली, बलुतेही गेले. बायबलाच्या पानावर मात्र ‘वतन’ हा शब्द तसाच आहे. तो वाचताना नगरच्या त्या पहिल्या श्रोत्यांची आठवण ठेवली, तर त्याचा अर्थ अधिक खोल कळतो.