वाकडा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या मराठवाड्यात बैलांची खांदमळणी असते. हळद-लोणी लावून शेतकरी बैलाचा खांदा चोळतो आणि उद्या जेवायला या, म्हणून त्याला आवतण देतो. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याची एक दिवस तरी विचारपूस होते. माणसाच्या खांद्याच्या नशिबी तोही दिवस नाही. मी मास्तर असून एका मुलाच्या खांद्याची विचारपूस केली, ती छडीने.

गोष्ट लातूरची. तिला आता पंधरा वर्षे झाली. सकाळची कवायत चालली होती. ‘हात वर!’ म्हणताच सगळ्यांचे हात ताठ वर गेले. एकाचा डावा हात मात्र कानापर्यंत पोचेना. त्याचा डावा खांदाही मानेकडे ओढल्यासारखा उंच दिसे. मला वाटले, पोरगा अंगचोर आहे. दोन छड्या दिल्या. तो रडला नाही, आणि हातही वर गेला नाही. पुढे पोरे त्याला ‘कुबड्या’ म्हणू लागली, ती माझ्याच छडीची कमाई.

शालान्त परीक्षेपुढे न शिकलेल्या माणसाला शरीरशास्त्र कोठून कळावे? ते थोडेसे कळले परवा नांदेडला. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचे. माझा भाचा तेथे शिकतो. त्याच्या खोलीत अभ्यासाच्या हाडांची पेटी होती. तिच्यातली खांद्याची दोन पाती त्याने माझ्यापुढे ठेवली.

‘‘मामा, नीट बघा. काही फरक दिसतो?’’

मोठ्या तळहाताएवढे ते त्रिकोणी हाड मधोमध इतके पातळ, की दिव्यासमोर धरले तर उजेड झिरपावा. त्याच्या वरच्या कडेला एक खाच असते. खाचेवर एक बंध ताणलेला असतो आणि त्याच्या खालून खांद्याच्या स्नायूंकडे जाणारी नस जाते. एका पात्यात ती खाच उघडी होती. दुसऱ्यात त्या बंधाचेच हाड होऊन खाचेचे भोक झाले होते.

‘‘यातले बिघडलेले कोणते?’’ मी विचारले.

‘‘कोणतेच नाही, मामा. दोन्ही माणसांचीच.’’

या एवढ्याशा खाचेचे सहा प्रकार रंगाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली अमेरिकेत नोंदवले. अरुंद खाचेत कधी नस चिमटते, हे खरे. पण पुष्कळांना आपली खाच कशी आहे याचा जन्मभर पत्ताही नसतो.

मग मी त्या मुलाची हकीगत सांगितली. भाचा क्षणभर गप्प राहिला. म्हणाला, ‘‘पाहिल्याशिवाय कसे सांगू? पण गर्भात हे पाते आधी मानेपाशी तयार होते आणि मग खाली पाठीवर उतरते. एखाद्याचे पुरते उतरत नाही. श्प्रेंगेल नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८९१ साली अशा चार रोग्यांचे वर्णन केले. असा हात पुरता वर जातच नाही.’’

अंगचोरपणाचा निकाल मी दोन मिनिटांत दिला होता!

पण हाड पाहून माणसाचा निकाल लावणारा मी एकटा नव्हे. सुश्रुताने अंसफलक हे मर्मांत गणले आणि प्रेत स्वतः पाहिल्यावाचून शरीराचे ज्ञान होत नाही, असे बजावले. युरोपात मात्र गेलनने जनावरांची शरीरे चिरून लिहिलेले तेराशे वर्षे माणसाचे म्हणून चालले. १५४३ साली व्हेसेलियसने त्यातल्या चुका दाखवल्या. पाहण्याची सवय लागली, तरी निवाड्याची खोड गेली नाही. अमेरिकेतील ग्रेव्ह्ज या डॉक्टरांनी १९१० साली पात्याच्या कण्याकडील कडेवर बोट ठेवले. ही कड बहुतेकांत बाहेर फुगलेली असते, काहींत आत वळलेली. आत वळलेल्या कडेत त्यांना रोगट आनुवंशिकतेची आणि कमी आयुष्याची खूण दिसली. पुढे ते मत टिकले नाही.

येथे आपल्या इरावतीबाई कर्वे आठवतात. ‘युगान्त’ लिहिण्याच्या पुष्कळ आधी, १९२७ ते १९३० या काळात, त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते; या फरकाचा वंशाशी संबंध सापडावा, अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजले आणि लिहिले, की तसा संबंध नाही. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एका मराठी मुलीने हे लिहावे याला केवढे धैर्य लागले असेल! त्यांच्या प्रबंधाच्या नावातच ती असमानता ‘स्वाभाविक’ म्हटली आहे.

हा एक शब्द मला कवायतीच्या मैदानावर सुचला नाही.

नांदेडहून परतल्यावर लातूरच्या आडत बाजारात तो मुलगा भेटला. आता बाप्या झाला आहे, एका दुकानात हिशेब लिहितो. तुरीच्या पोत्यांमधून वाट काढीत तो पुढे आला आणि पाया पडला. मी त्याचे दोन्ही खांदे धरून उठवले. हाताखाली डावे पाते उंच लागले. घसा दाटला, एवढेच म्हणालो, ‘‘बाबा, त्या दिवशी चूक माझी होती.’’

तो हसला. ‘‘गुरुजी, हात अजून तेवढाच वर जातो,’’ म्हणाला, आणि आतल्या पोऱ्याला त्याने चहा सांगितला.