सुट्या भागांची अदलाबदल



या व्यासपीठावरून राजांचा, संतांचा आणि साम्राज्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. मी आज फटफटीच्या सिलिंडरचा इतिहास सांगणार आहे. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा पंडिताची मांडणी माझ्याकडून होणार नाही, ती आपण सांभाळून घ्यावी.

जुन्या मोटारसायकलीचे इंजिन उघडावे, त्याच जातीच्या दुसऱ्या मॉडेलचे भाग त्यावर चढवावे आणि गाडी पूर्वीपेक्षा जोमाने पळावी, हा उद्योग आपण गॅरेजात पाहिला असेल. पण एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसतोच कसा, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

एके काळी तो बसत नसे. प्रत्येक भाग फिटर कानशीने घासून जागच्या जागी बसवी, आणि तो त्या एकाच यंत्राचा होई. बोल्टच्या आट्यांनाही सर्वमान्य माप नव्हते. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने असे माप सुचविले आणि हळूहळू ते रूढ झाले. पुढे १९०८ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे एक परीक्षा झाली. तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण खोलून त्यांचे भाग एकत्र मिसळले. त्यांतील ८९ भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या कपाटातील नवे घातले. मग केवळ पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर वापरून मोटारी पुन्हा जोडल्या, आणि त्या ५०० मैल धावल्या. कानस कोणी हातात घेतली नाही.

मालकांना यातून मोठा लाभ झाला. कानस गेली, तिच्याबरोबर फिटरचा मानही गेला. सुटा भाग बदलावा तसा माणूसही बदलता येऊ लागला. ही झाली अर्धी हकिकत. उरलेली अर्धी मला अधिक महत्त्वाची वाटते.

एडवर्ड टर्नर याने १९३७ साली ट्रायम्फ कंपनीसाठी ४९८ सी.सी.चे जोड-सिलिंडरचे इंजिन आणले. गाडीचे नाव स्पीड ट्विन. त्याच घडणीतून पुढे टायगर १०० ही अधिक वेगवान गाडी निघाली. दोहोंचे बॅरल बिडाचे होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्री शहरावर बाँबवर्षाव झाला, त्यात कारखाना जमीनदोस्त झाला, आणि १९४२ साली तो मेरिडन येथे नव्याने उभा राहिला. युद्धकाळात याच इंजिनाच्या घडणीवरून शाही विमानदलासाठी वीज निर्माण करणारे संच बनविले गेले. वजन कमी हवे म्हणून त्यांचे बॅरल आणि हेड अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले, आणि थंडाव्यासाठी पंखा बसविला.

युद्ध संपल्यावर प्रयोगखात्याचा फ्रेडी क्लार्क याने विजेच्या संचाचे ते बॅरल व हेड टायगर १०० च्या खालच्या भागावर चढविले. मूळ घडण एकच असल्यामुळे ते बसले. अल्युमिनियम बिडापेक्षा पुष्कळच हलके आणि उष्णता त्याहून कितीतरी वेगाने बाहेर टाकणारे. युद्धोत्तर काळात मिळणारे पेट्रोल हलक्या प्रतीचे होते. हेड तापले की मिश्रण वेळेआधीच पेट घेई आणि इंजिन ठोके देऊ लागे. थंड हेडमुळे मिश्रण अधिक दाबता आले, आणि दाब वाढला की शक्ती वाढते.

१९४६ च्या सप्टेंबरात आइल ऑफ मॅन बेटावर, भर पावसात, आयर्लंडचा अर्नी लायन्स याने ही गाडी चालवून सीनियर मँक्स ग्रां प्री शर्यत जिंकली. त्यानंतर कंपनीने ग्रँड प्रिक्स हे मॉडेल १९४८ मध्ये बाजारात आणले. मौज अशी की, पंख्याचे आवरण बसविण्यासाठी बॅरलच्या कडेला ओतलेले फुगवटे या गाड्यांवरही तसेच राहिले. शर्यतीत त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता, पण हे बॅरल कोठून आले याची साक्ष ते देत होते.

अदलाबदल म्हणजे नुसती ठोकाठोक नव्हे. हेड बदलले की पिस्टन, कार्ब्युरेटर, जेट यांचा मेळ पुन्हा घालावा लागतो. वर शक्ती वाढली की ताण खालच्या कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर येतो. हे ज्याला कळते तोच खरा कारागीर. माप ठरवून कारखान्याने त्याची कानस काढून घेतली खरी, पण त्याच मापामुळे दोन यंत्रांतून तिसरे यंत्र पाहण्याची सवड त्याला मिळाली.

मला आमच्याकडची एक गोष्ट आठवते. एका कारखान्यात बंद पडलेल्या दोन कॉम्प्रेसरमधून एका फिटरने एक चालू करून दिला. वरिष्ठांच्या अहवालात त्याचे नाव आले नाही. उलट, परवानगीवाचून भाग काढल्याबद्दल त्यालाच चार्जशीट मिळाली. ती मागे घ्यायला लावण्यात युनियनचे तीन महिने गेले. कॉम्प्रेसर मात्र त्या तीनही महिन्यांत बिनतक्रार चालत होता.

मेरिडनची अखेर सांगून मी थांबतो. १९७३ च्या सप्टेंबरात मालकांनी तो कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन फाटक अडविले आणि १९७५ साली सहकारी संस्था उभी केली. सुरुवातीला सर्वांना सारखाच पगार होता. अवश्य तेव्हा एका कामावरचा माणूस दुसऱ्या कामावर जाई. १९८३ मध्ये ती संस्था बंद पडली, हे लपविण्यात अर्थ नाही. पण एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणारी ही माणसे बदलून टाकलेले भाग नव्हती, आपल्या राजीने जागा बदलणारे कारागीर होती. हा फरक ज्या दिवशी आपल्या कारखान्यांना कळेल, त्या दिवशी त्या फिटरचे नाव अहवालात येईल.