अंधारातली गोळी आणि आपला अंदाज

आपल्या परदेशस्थ कुटुंबांतील मुलेबाळे घरात मराठी बोलताना मधेच एखादा इंग्रजी वाक्प्रचार सहज टाकून जातात. त्यांपैकी एक वरचेवर कानी पडतो. परीक्षेत उत्तर येत नव्हते, काहीतरी लिहिले आणि ते बरोबर निघाले, की मुलगा म्हणतो, "इट वॉज जस्ट अ शॉट इन द डार्क!" म्हणजे अंधारात मारलेली गोळी. हा वाक्प्रचार आला कोठून आणि त्याचा नेमका अर्थ काय, याचा थोडा विचार करू. त्यात आपल्या भाषेचा आणि आपल्या समाजाच्या इतिहासाचाही संबंध येतो.

लंडनच्या कॅमडेन विभागात फिट्झरॉय स्क्वेअर नावाचा जुना चौक आहे. तेथील २९ क्रमांकाच्या घरात सुप्रसिद्ध नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १८८७ पासून १८९८ पर्यंत राहत होते. पुढे ते तेथील सेंट पँक्रस भागाचे लोकनियुक्त सभासदही झाले. हाच भाग १९६५ मध्ये हॅम्पस्टेड व हॉबर्न यांच्यासह नव्या कॅमडेन बरोमध्ये सामील झाला. १८९५ च्या जानेवारीपासून शॉ 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकात नाट्यपरीक्षणे लिहू लागले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील त्यांच्या लेखात हे शब्द निव्वळ अंदाज या अर्थाने आले आहेत. या अर्थाचा जुना दाखला म्हणून तोच लेख नेहमी दाखविला जातो. अर्थात शब्दांची ही जोडी शॉ यांनी शून्यातून घडविली नाही. रात्री न दिसणाऱ्या शत्रूवर झाडलेली गोळी हा सैनिकांच्या रोजच्या अनुभवातला प्रकार होता, आणि 'शॉट' हा शब्द एकटाही अंदाज या अर्थाने त्यापूर्वीच रूढ झाला होता.

अर्थातील एक बारकावा ध्यानात घ्यावा. 'लाँग शॉट' म्हणजे लांबचा नेम. तेथे निशाण दिसत असते, पण ते दूर असल्याने चुकण्याचाच संभव अधिक. 'शॉट इन द डार्क'मध्ये निशाणच दिसत नाही. गोळी लागली तर ते दैव, कौशल्य नव्हे.

ही कल्पना इंग्रजांना बंदुकीच्याही आधीपासून परिचित होती, आणि ती आपल्याच शास्त्रातून त्यांच्याकडे गेली. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात अहाब राजाची कथा आहे. रामोथ-गिलादच्या लढाईत तो वेष पालटून उतरला. एका अरामी तिरंदाजाने कोणावरही नेम न धरता सहज बाण सोडला. तो नेमका अहाबाच्या चिलखताच्या सांध्यात घुसला आणि संध्याकाळपर्यंत राजा मरण पावला. १६११ च्या इंग्रजी भाषांतरातील या प्रसंगाच्या शब्दांवरून, नेम न धरता धनुष्य ओढणे, हा वाक्प्रचार इंग्रजीत रूढ झाला.

आता आपली मराठी पाहा. आपण रोज वापरतो तो 'अंदाज' हा शब्द फारसी आहे. तो 'अंदाख्तन' या क्रियापदाशी जोडलेला असून त्या क्रियापदाचा अर्थ फेकणे असा आहे. तीर फेकणारा तो तिरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. आज गोलंदाज क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकतो एवढाच फरक! तेव्हा इंग्रजाचा 'शॉट' आणि आपला 'अंदाज' यांच्या मुळाशी चित्र एकच आहे. 'खडा टाकून पाहणे' हा आपला वाक्प्रचारही त्याच जातीचा.

'अंदाजपंचे दाहोदरसे' यात तर खास मराठी गंमत आहे. जुन्या शाळेत पाढे तालावर म्हणत. बावीस पंचे दाहोदरसे, म्हणजे एकशे दहा. त्यातला 'बावीस' काढून तेथे 'अंदाज' बसविला. ताल तोच, शेवटचा आकडाही ठणठणीत. मात्र ज्या संख्येला पाचाने गुणायचे तिचाच पत्ता नाही! खात्रीच्या सुरात सांगितलेल्या निराधार गोष्टीची याहून चांगली थट्टा सापडणार नाही.

हे सारे आपल्याला लागू पडते ते आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या प्रश्नात. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली. पण ते केव्हा? हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यात त्यांनी इ.स.पूर्व १७५ चा सुमार धरला. या मताला एक आधार देतात तो असा: कोकणातील आपल्या पूर्वजांना हनुक्का ठाऊक नव्हता, तेव्हा तो सण सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे इ.स.पूर्व १६४ पूर्वी, ते मायदेशातून निघाले असले पाहिजेत. दुसऱ्या काही अभ्यासकांनी इराण किंवा येमेनकडून इ.स.च्या पाचव्या-सहाव्या शतकात आगमन झाले असे मानले आहे.

अलीकडे रक्ताच्या नमुन्यांवरून, म्हणजे डीएनएवरून, शोध झाला. कॅमडेनमधील रसेल स्क्वेअर येथील 'सोआस' या संस्थेचे प्राध्यापक ट्यूडर पार्फिट यांनी युलिया येगोरोव्हा यांच्यासह या विषयावर २००६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आपल्या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश आढळला. हा संयोग सुमारे ६५० ते १०५० वर्षांपूर्वी झाला असावा असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ पूर्वज तेव्हाच आले असा नव्हे. संयोगाचा काळ वेगळा आणि आगमनाचा वेगळा.

तेव्हा केहिमकरांचे मत ही अंधारातली गोळी होती काय? मुळीच नाही. हनुक्काचा आधार हा लहानसा का होईना, दिवा होता. मात्र एखादा सण ठाऊक नसण्याची दुसरीही कारणे असू शकतात: काळाच्या ओघात तो विसरलाही गेला असेल. म्हणून ते वर्ष पाढ्यातल्या आकड्यासारखे घोकू नये, आणि निराधार म्हणून टाकूनही देऊ नये.

आपली मुले आज लंडनमध्ये, अश्दोदमध्ये, दिमोनात वाढत आहेत. शाळेतले सोबती त्यांना विचारतात, तुम्ही मूळचे कोण, हिंदुस्थानात केव्हा गेलात? त्यांना नवगावची कथा अवश्य सांगावी. वर्ष सांगताना मात्र ते कोणी धरले आणि कशावरून धरले, हेही दोन शब्दांत सांगावे. एवढे हाती असले, म्हणजे कोणी उलट प्रश्न केला तरी आपला मुलगा गडबडणार नाही, आणि उद्या नवा पुरावा निघाला तर तो त्याला उत्सुकतेने वाचता येईल.